पतसंस्थेच्या काउंटरपासून अंतरपाटापर्यंत : एका छायाचित्रकार मुलीचं प्रकरण

या प्रकरणातली मुलगी माझ्या स्टुडिओत शिकली. तिच्या परवानगीनं लिहितो आहे. तिचं नाव, गाव आणि गिऱ्हाइकांच्या खुणा गाळल्या आहेत, रकमा तिच्या वहीतल्या आहेत. काही निर्णय तिचे होते, काही माझे. माझ्यातले दोन चुकले, तेही इथे आहेत. या धंद्यात येऊ पाहणारी मुलं मला पहिला प्रश्न विचारतात तो "काका, कॅमेरा कोणता घेऊ?" तो प्रश्न या प्रकरणातही येतो, पण बराच नंतर.

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यातलं, कऱ्हाडपासून तासाभरावरचं गाव. मुलगी बी.कॉम. झालेली, तालुक्याच्या ठिकाणी एका पतसंस्थेत रोखपाल. पगार महिना ९,५००. वडिलांची थोडी शेती, धाकटा भाऊ शिकत होता, त्यामुळे घरात दर महिन्याला ठरलेल्या तारखेला येणारा पैसा हाच. २०१६ मध्ये तिनं हप्त्यावर कॅनन १३००डी कॅमेरा घेतला. सोबत आली तीच १८-५५ची लेन्स. गावची यात्रा, भावंडांची लग्नं, शेजारच्या घरातलं बारसं, असे फोटो ती हौसेनं काढायची.

२०१७ च्या दिवाळीनंतर ती पेनड्राइव्ह घेऊन स्टुडिओत आली. सत्तर-ऐंशी फोटो होते. बरेचसे साधेच होते. एका फोटोवर मात्र मी थांबलो. चुलतबहिणीला चुडा भरताना काढलेला. कासारणीनं नवरीचा हात दाबून धरलाय, बांगडी अंगठ्याच्या हाडाशी अडकलीय, नवरीचे डोळे मिटलेले आणि तिची आई तिच्या तोंडाकडे बघतेय. मी तेव्हा तीस वर्षं लग्नं काढत होतो आणि त्या जागी एकदाही उभा राहिलो नव्हतो. आम्ही पुरुष छायाचित्रकार नवरीच्या खोलीच्या दाराबाहेर थांबतो, तयारी झाली की दोन मिनिटं आत जाऊन उभे-बसे फोटो काढतो आणि बाहेर येतो. ही मुलगी त्या खोलीतलीच होती. हे तिचं भांडवल आहे, हे मला त्याच दिवशी कळलं. तिला कळायला दोन वर्षं लागली.

ठरलं ते असं: नोकरी सोडायची नाही. रविवारी आणि रजा टाकून माझ्याबरोबर दुय्यम म्हणून यायचं. दिवसाला ८०० रुपये.

पहिला सीझन

२०१८ साली अधिक ज्येष्ठ आला होता, १६ मे ते १३ जून. लग्नाच्या ऐन हंगामातला जवळजवळ महिना कोरडा. त्यामुळे एप्रिल आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात तारखा एकमेकींवर चढल्या. तिच्या दृष्टीनं ते चांगलं झालं. थोड्या दिवसांत खूप लग्नं उभ्या-उभ्या बघायला मिळाली.

पहिल्या चार लग्नांत मी तिला एवढंच सांगितलं होतं की क्रम पाठ कर. देवक, हळद, सीमांतपूजन, गौरीहर, मंगलाष्टका, कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी, कानपिळी, झाल. कोणत्या घरात काय आधी, काय नंतर, कुणाचा मान कशाला. कानपिळीला नवरीचा भाऊ पुढे येणार हे ज्याला आधीपासून माहीत असतं, तो भाऊ उठायच्या आत जागेवर असतो. ज्याला माहीत नसतं, तो भावाच्या पाठीचा फोटो काढतो.

अंतरपाट तिला तीनदा हुकला. तो क्षण सेकंदाचा. शेवटचं 'सावधान' होतं, पाट बाजूला ओढला जातो, वाजंत्री सुरू होते, अक्षतांचा मारा होतो आणि मागची माणसं एकदम पुढे सरकतात. ती डोळा कॅमेऱ्याला लावून वाट बघत राहायची आणि पाट सरकताना कुणाचा तरी खांदा आडवा यायचा. चौथ्या लग्नात ती आपण होऊन म्हणाली, "काका, मी आता बघत नाही, ऐकते." भटजींनी 'तदेव लग्नं सुदिनं तदेव' सुरू केलं की शेवट जवळ आला. तेवढ्यात एक पाऊल पुढे, गुडघ्यावर बसायचं, दोघांचे चेहरे बाजूनं एका चौकटीत येतील असं. त्या दिवशी तिला तो फोटो मिळाला. मला वाटतं, हौशीची धंदेवाईक ती तेव्हा झाली.

कार्यालयातल्या एलईडीच्या उजेडाचाही तिला बराच त्रास झाला. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. डोळ्याला ते दिसत नाही, पण शटर १/१०० पेक्षा वेगवान ठेवलं की फोटोत आडवे पट्टे येतात. हळदीला पिवळा मंडप, पिवळी साडी, पिवळं अंग. कॅमेरा गोंधळून सगळं निळसर करतो. हे सगळं तिनं चुका करत, घरी जाऊन एकेक फोटो तपासत शिकून घेतलं.

पहिला निर्णय: बॉडी की लेन्स

२०१८ च्या शेवटी तिच्याजवळ ४०,००० साठले होते. तीन वाटा होत्या. कर्ज काढून नवी फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरची) बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, घ्यायची, आणखी थोडे पैसे घालून एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो उतरवण्याची सोय असलेली वापरलेली बॉडी घ्यायची, किंवा आहे तीच बॉडी ठेवून कमी उजेडातही चालणारी ५० मिमी एफ/१.८ लेन्स आणि चांगला फ्लॅश घ्यायचा. तिचा ओढा पहिल्या वाटेकडे होता. मोठी बॉडी गळ्यात असली की पाहुणे मागे सरकतात, हे तिनं माझ्याबरोबर अनुभवलं होतं. मी तिसरी वाट सांगितली. कर्ज नको, आणि फोटोत फरक पडतो तो लेन्सनं आणि उजेडानं.

फोटोंच्या बाजूनं तो सल्ला बरोबर निघाला. महिनाभरात तिचं काम उजळलं. पण १३००डीला कार्ड एकच लागतं, आणि ही गोष्ट मी हिशोबात धरली नव्हती.

अडचण: एक कार्ड

फेब्रुवारी २०१९. एकाच तारखेला माझ्याकडे दोन लग्नं आली. मोठं मी घेतलं आणि लहान तिला दिलं. तिची पहिली एकटीची ऑर्डर. माझ्याकडच्या दोन कार्डांच्या दोन्ही बॉड्या मी माझ्या लग्नाला नेल्या. आदल्या संध्याकाळची हळद आणि सकाळचे विधी तिनं एका ६४ जीबी कार्डावर काढले, मुहूर्ताच्या आधी कार्ड बदललं. रात्री घरी पहिलं कार्ड लॅपटॉपला लावलं तर लॅपटॉप म्हणतो, फॉरमॅट करा.

तिनं ते बटण दाबलं नाही, हे त्या रात्रीचं सगळ्यात महत्त्वाचं काम. कार्ड काढून डबीत ठेवलं आणि मला फोन केला. साडेअकरा वाजले होते.

आम्ही चार वाटा बोललो. काहीच न सांगता व्हिडिओवाल्याच्या चित्रीकरणातून चौकटी काढून अल्बम भरायचा. किंवा आधी दुरुस्तीचा प्रयत्न करायचा आणि जमलं नाही तरच सांगायचं. किंवा सकाळीच जाऊन सांगायचं. चौथी वाट मी सुचवली, की मीच फोन करतो, माझं नाव जुनं आहे, मला ऐकून घेतील. ती नको म्हणाली. "फोटो मी काढलेत. मी जाते."

दुसऱ्या दिवशी सत्यनारायणाची पूजा होती. ती आणि मी पूजा सुरू व्हायच्या आधी पोहोचलो. नवऱ्या मुलाच्या वडिलांना बाजूला घेऊन तिनं तीन गोष्टी सांगितल्या: काय गेलं आहे, काय शाबूत आहे आणि आजपासून आम्ही काय करणार आहोत. ते खूप चिडले. बोलले तेही रास्तच होतं, हळद काही परत लागत नाही. तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं की पूजेचे फोटो काढू का. ते बराच वेळ गप्प राहिले आणि "काढा" म्हणाले.

कार्ड पुण्याला डेटा परत मिळवून देणाऱ्याकडे दिलं. सुमारे ६४० फोटोंपैकी ४१२ परत आले. बाकीच्यांसाठी ती घरोघर फिरली. कुणाच्या मोबाइलमध्ये काय आहे ते बघून मूळ फाइल मागायची. व्हॉट्सॲपवर नुसता फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो, म्हणून 'डॉक्युमेंट' करून पाठवायला शिकवायची. असे ६० फोटो जमले. नवरदेवाच्या आजीनं त्याला हळद लावतानाचा एकच फोटो निघाला, एका मावसबहिणीच्या मोबाइलमधला, थोडा हललेला. अल्बममध्ये तो पूर्ण पानभर लावला.

ठरलेल्या रकमेतली निम्मी परत केली. ती मी भरली. एक कार्ड लागणाऱ्या बॉडीवर तिला एकटीला पाठवण्याचा निर्णय माझा होता. घाई माझी, नुकसान त्या घराचं.

त्यानंतर दोन महिन्यांत तिनं पतसंस्थेच्याच कर्मचारी कर्जातून वापरलेला कॅनन ५डी मार्क ३ कॅमेरा घेतला, ८५,००० ला. त्यात कार्डांसाठी दोन खाचा आहेत, एक सीएफ कार्डाची, एक एसडी कार्डाची. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली मूळ मोठी फाइल, एकीवर, जेपेग म्हणजे त्याच फोटोची लहान प्रत दुसरीवर. कार्यालयातून निघण्याआधी लॅपटॉपवर एक प्रत, घरी पोहोचल्यावर हार्ड डिस्कवर दुसरी. अल्बम गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत कार्ड पुसायचं नाही. २२ मेगापिक्सेलची रॉ फाइल साधारण २५ ते ३० एमबीची होते, म्हणजे तीन हजार फोटोंच्या लग्नाला ७५ ते ९० जीबी. कार्डं जास्त लागतात, आणि तो खर्च तेव्हापासून दरात धरला जातो.

पैशाचा हिशोब

दराचं बोलायलाच हवं, कारण नवीन मुलं इथेच बुडतात. तिनं सुरुवातीला लग्नाचे १२,००० घेतले, अल्बमसकट. १२ बाय ३६ इंची करिझ्मा (जाड छापील पानांच्या) अल्बमला ६,५००, मदतनिसाला २,०००, पेट्रोल आणि चहापाणी ८००. उरले २,७००. ती खूश होती, दोन दिवसांचे २,७०० म्हणजे पतसंस्थेपेक्षा किती तरी जास्त. मी तिला वहीत दिवस लिहायला लावले. शूटिंग दोन दिवस, निवड दोन, रंगदुरुस्ती आणि अल्बमची मांडणी चार, लॅबला जाणं-येणं एक. नऊ दिवस, म्हणजे दिवसाला ३००. पतसंस्थेत दिवसाला ३६५ पडत होते.

तिनं अल्बम वेगळा काढला. शूटिंगचा दर वेगळा, अल्बम हवा त्या पानांचा, त्याचे पैसे वेगळे. विसार घेतल्याशिवाय तारीख धरायची नाही. काही गिऱ्हाइकं गेली. जी राहिली ती तिचे फोटो बघून आलेली होती.

दुसरा निर्णय: राजीनामा कधी

डिसेंबर २०१९ मध्ये तिनं विचारलं, नोकरी सोडू का. मी शिकाऊ मुलांना तीन अटी सांगत आलो आहे: पुढच्या सीझनच्या दहा तारखा विसारासह हातात असाव्यात, कॅमेऱ्याचं कर्ज फिटत आलेलं असावं आणि घराचा सहा महिन्यांचा खर्च बँकेत वेगळा पडलेला असावा. तिच्याकडे अकरा तारखा होत्या. कर्ज निम्मं फिटलं होतं. तिसरी अट पुरी होत नव्हती. तरी मी म्हटलं, सोड. पाडव्याला नवीन वर्ष, नवीन काम. माझ्या चुकांतली ही दुसरी.

तिनं ३१ मार्चपासूनचा राजीनामा दिला. २०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता. आदल्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली. एप्रिल-मेमधल्या तिच्या सात तारखा आठवड्याभरात कोसळल्या. प्रत्येकी ५,००० विसार घेतलेला, म्हणजे ३५,००० दुसऱ्यांचे, आणि त्यातले बरेच कर्जात गेलेले.

मार्ग दोन होते. राजीनामा कायम ठेवून वाट बघायची किंवा साहेबांपुढे जाऊन तो मागे घ्यायचा. तिला संकोच वाटत होता, सहकाऱ्यांनी पेढे वाटून निरोप दिला होता. आई म्हणाली, "लाज कसली? काम मागतेस, भीक नाही." २८ तारखेला तिनं अर्ज मागे घेतला. पतसंस्थेचं कामकाज चालू होतं, माणसं कमी होती. घेतलं. सात घरांना तिनं स्वतः फोन केले: तारीख पुढे न्या, जादा काही नाही, नाहीतर पैसे परत, तीन हप्त्यांत. पाच घरं थांबली, दोघांना पैसे दिले. त्या पाचांपैकी चार घरं आजही तिचीच आहेत. मुलांची बारसीही तिनंच काढली.

अंगणातली लग्नं, आणि घरचे फोटो

मग ५० माणसांत लग्नं सुरू झाली. कार्यालयं बंद, लग्न दारात. पुढे एप्रिल २०२१ मध्ये २५ माणसं आणि दोन तास. मोठे स्टुडिओ थंडावले, कारण त्यांचं सगळं गणित स्टेज, क्रेन आणि पाच माणसांच्या टीमवर होतं. हिच्याकडे एक बॉडी, दोन लेन्स आणि घरात वावरायची सवय. तुळशीवृंदावनाशी अंतरपाट धरलेला, छपरातून तिरपं ऊन आणि ओट्यावर बसलेली म्हातारी माणसं. तिचे आजवरचे सर्वांत चांगले फोटो त्या दोन वर्षांतले आहेत, असं मी ठामपणे म्हणतो.

दुसऱ्या लाटेनंतर तिच्याकडे एक वेगळंच काम येऊ लागलं. घरातलं माणूस गेलं आणि दहाव्याला ठेवायला फोटो नाही. आधार कार्डावरचा मोठा करा, लग्नाच्या ग्रुपमधून कापून द्या. असे फोटो तिनं पैसे न घेता करून दिले, पण दर वेळी घरी येऊन गप्प बसायची. एकदा म्हणाली, "हे सगळे जिवंत असताना मी त्याच गावात कॅमेरा घेऊन फिरत होते."

त्यातून 'घरचा फोटो' सुरू झाला. घरी जायचं, तासभर थांबायचं, दारात, शेतात किंवा गोठ्यापाशी सगळ्यांचा एक आणि आजी-आजोबांचा वेगळा एक फोटो काढायचा. १२ बाय १८ची छापील प्रत चौकटीत घालून द्यायची. दर १,८००. पाटण खोऱ्यातल्या किती तरी घरांतली माणसं मुंबईला माथाडी कामात आहेत. दिवाळीला आणि गावच्या यात्रेलाच सगळे एकत्र येतात. तिनं गावोगावच्या यात्रांच्या तारखांची यादी केली आणि त्या तारखा धरून फिरू लागली. म्हाताऱ्यांना 'हसा' म्हणायचं नाही हा तिचा नियम. नातवाला मांडीवर द्यायचं आणि थांबायचं.

नोकरी तिनं नोव्हेंबर २०२१ मध्ये, तुळशीच्या लग्नानंतर सोडली. या वेळी तिन्ही अटी पुऱ्या झाल्यावर. २०२४ च्या मे-जूनमध्ये गुरू आणि शुक्र दोन्हींचा अस्त आला आणि मुहूर्त जवळजवळ नव्हतेच, तेव्हा आमच्या भागातले कित्येक फोटोवाले हातावर हात ठेवून बसले होते. तिचे ते दोन महिने घरच्या फोटोंनी तारले.

तिसरा निर्णय: फोटो कुणाचा

२०२२ मध्ये तिनं एका नवरीचा हळदीचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकला. फोटो सुंदर होता, वाईट काही नव्हतं. सासरच्यांना तो रुचला नाही. नवरीचा रडवेला फोन आला. आमच्या धंद्यातल्या एका ओळखीच्यानं सल्ला दिला की फोटो तू काढलास, हक्क तुझा, इन्स्टाग्रामवरून हटवू नकोस. हे चूक आहे, आणि बऱ्याच फोटोवाल्यांना ते ठाऊक नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, कुणी मोबदला देऊन फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर फोटोचा पहिला मालक तो काढून घेणारा, म्हणजे गिऱ्हाईक. तिनं फोटो तासाभरात हटवला आणि कायदा नंतर वाचला. तिच्या करारपत्रात आता याची वेगळी ओळ आहे आणि सही नवरीची स्वतःची घेतली जाते.

रात्रीच्या प्रवासाचाही प्रश्न होता. वरात संपेपर्यंत शेवटची एसटी गेलेली असते. सुरुवातीला भाऊ मोटारसायकलवर न्यायला यायचा. आता ओळखीचा गाडीवाला दिवसभरासाठी ठरवते आणि तो खर्च दरपत्रकात उघड लिहिते. एकाही गिऱ्हाइकानं त्यावर घासाघीस केलेली नाही.

पुन्हा करायचं तर

दुसरा सीझन संपेपर्यंत मी तिला एकटीला पाठवणार नाही. आणि ज्या दिवशी पाठवीन, त्या दिवशी माझी चांगली बॉडी तिच्या गळ्यात असेल, जुनी माझ्या. राजीनाम्याच्या वेळी तिसरी अट मी सोडायला नको होती. महामारी कुणालाच दिसत नव्हती हे खरं, पण सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवायचा तो न दिसणाऱ्या गोष्टीसाठीच. ती स्वतः म्हणते की बारा हजारांचा दर तिनं एक सीझन जास्त चालवला. नाही म्हणायची भीती वाटायची. घरचे फोटो २०१८ मध्येच सुरू करता आले असते, असंही तिला वाटतं, आणि ते सांगताना तिच्या डोळ्यांपुढे ठरावीक दोन-तीन चेहरे असतात.

व्हिडिओचं काय करायचं, हे अजून ठरलेलं नाही. मागणी आहे, पण त्यासाठी माणसं आणि कर्ज दोन्ही लागतात. ती या सीझननंतर बघणार आहे.

गेल्या तुळशीच्या लग्नानंतर तिच्याकडे शेजारच्या गावची एक मुलगी शिकायला आली. कॅमेरा आहे, लेन्स कोणती घेऊ म्हणून विचारत होती. हिनं तिला एक वही दिली आणि पुढच्या चार लग्नांत फक्त विधींचा क्रम लिहून आणायला सांगितलं.